एक्स-रे, सीटी, एमआरआयमधलं करिअर: सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी फी भरण्याआधी आणि भरल्यावर काय करावं

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात भिंतींवर, रिक्षांच्या मागे आणि व्हॉट्सॲपवर पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती दिसायला लागतात. सहा महिन्यांत टेक्निशियन, नोकरीची हमी, फी हप्त्याने. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडचे पालक एसटीने येतात, ऑफिस बघतात, मॅडम गोड बोलतात आणि पहिला हप्ता तिथेच भरला जातो. मशीन कुठे आहे, हे विचारायचं राहून जातं.

क्षेत्र चांगलं आहे, यात शंका नाही. आजचं जवळजवळ कुठलंही मोठं निदान एखाद्या चित्रावर उभं असतं आणि ते चित्र काढणारा माणूस प्रत्येक रुग्णालयाला लागतो. पण इथे शिरताना तीन गोष्टींची उत्तरं कागदावर मिळायला हवीत: प्रमाणपत्र कोण देणार, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार, आणि पुढे राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होणार का. पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवती आहे.

पहिली पायरी: कोणत्या खोलीत काम करायचं ते ठरवा

‘रेडिओलॉजी करायचंय’ एवढं म्हणून भागत नाही. या एका नावाखाली वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांची शिक्षणं वेगळी आहेत.

बहुतेकांची सुरुवात एक्स-रेपासून होते. रुग्णाला नीट उभं करणं, झोपवणं, मशीनवर केव्हीपी आणि एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि प्रमाण, लावणं, चित्र आलं की ते वापरण्याजोगं आहे का ते पाहणं. याच शिक्षणावर पुढे सीटी आणि एमआरआयची खोली उघडते. सीटीत कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्रात अवयव उठून दिसावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन, क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, रिपोर्ट, ॲलर्जी आणि दम्याची चौकशी हे रोजचं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. तिथे बायका बाई तंत्रज्ञच मागतात आणि ते रास्त आहे. ज्या मुलींना लोकांशी मायेनं बोलता येतं, त्यांनी या कामाचा जरूर विचार करावा. कॅथलॅबमध्ये हृदयाच्या अँजिओग्राफीवेळी एक्स-रे सतत चालू-बंद होत असतो. तिथलं काम वेगवान असतं आणि शिसाचा एप्रन घालून तासन् तास उभं राहावं लागतं.

रेडिओथेरपी हा वेगळा मार्ग. तिथे किरणांनी चित्र काढत नाहीत, कर्करोगावर उपचार करतात. आपल्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदवही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. रेडिओथेरपी तंत्रज्ञाला तोच रुग्ण आठवडेच्या आठवडे रोज भेटतो. ज्यांना माणसं लक्षात ठेवायला आवडतात त्यांना हे काम मानवतं. न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे पेट स्कॅन वगैरे, यासाठी मात्र मोठ्या शहरात जावं लागेल. त्याचं पारंपरिक शिक्षण मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये मिळतं.

आता सोनोग्राफी. ‘सोनोग्राफी टेक्निशियन व्हा’ अशी जाहिरात दिसली तर तिथून उठा. परदेशात सोनोग्राफर हा स्वतंत्र पेशा आहे, भारतात नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार आपल्याकडे सोनोग्राफी पात्र आणि नोंदणीकृत डॉक्टरच करतो. सहायक म्हणून नावनोंदणी करणं, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवावी लागणारी नोंद, म्हणजे ‘फॉर्म एफ’, भरायला मदत करणं, रुग्णाला तयार करणं एवढंच काम तुमच्या वाट्याला येतं. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, हातात घेतलात तर गुन्हा डॉक्टरवर आणि तुमच्यावर, दोघांवरही येऊ शकतो.

रेडिओलॉजिस्ट म्हणजे रिपोर्ट देणारा डॉक्टर. नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट पीजी आणि तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. तंत्रज्ञाच्या कोर्समधून पुढे रेडिओलॉजिस्ट होता येत नाही. काही संस्था हे मोघम ठेवतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

ज्यांचं भौतिकशास्त्र पक्कं आहे त्यांच्यासाठी एक कमी माहितीची वाट आहे, मेडिकल फिजिसिस्टची. बीएस्सी, मग एमएस्सी फिजिक्स (आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातही होते), त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्समधला एक वर्षाचा डिप्लोमा आणि रेडिओथेरपी विभागात इंटर्नशिप. रुग्णाला किती किरणोत्सार द्यायचा याचं गणित ही मंडळी करतात.

दुसरी पायरी: अभ्यासक्रम निवडा

बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-जीवशास्त्रासह, हा पाया. गणितही ठेवलंत तर दारं जास्त उघडी राहतात.

माझं मत विचाराल तर शक्य असेल त्याने पदवीच करावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे नाशिकच्या एमयूएचएसचा, बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानातली पदवी) हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. तो वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो, त्यामुळे वर्ग आणि वॉर्ड एकाच आवारात. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेच्या किती जागा, हे वर्षागणिक बदलतं. त्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडा आणि रेडिओग्राफीची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. बीपीएमटीत अनेक शाखा असतात. ‘बीपीएमटीला प्रवेश मिळाला’ या आनंदात भलतीच शाखा पदरात पडलेली मुलं असतात. प्रवेशाचे नियमही बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षी शेजारच्याला कसा प्रवेश मिळाला यावर विसंबू नका.

त्याखालोखाल दोन वर्षांचा डिप्लोमा. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल तर हा मार्ग योग्य आहे, फक्त संस्था नीट पाहावी लागते. याहून छोट्या प्रमाणपत्रांबद्दल सावध करावंसं वाटतं, आणि त्याला कारण आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिओलॉजी, इमेजिंग आणि रेडिओथेरपीची तंत्रज्ञ मंडळी स्पष्टपणे येतात. या कायद्यात डिप्लोमा किंवा पदवीचं शिक्षण किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं धरलं आहे. त्यावरच्या श्रेणीच्या पदवीला किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षं. सहा महिन्यांचा कोर्स या हिशोबात कुठेच बसत नाही. आज एखादं छोटं सेंटर त्यावर कामाला घेईलही, पण उद्या नोंदणी मागितली की तोच मुलगा नोकरीत असून घाबरलेला असतो.

तिसरी पायरी: संस्था पारखा

इथे घाई करू नका. एक सकाळ काढा, घरातलं मोठं माणूस सोबत घ्या आणि संस्थेत जाऊन पुढच्या गोष्टी विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

पहिलं, गुणपत्रिकेवर कोणाचं नाव छापून येतं? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची खरी गुणपत्रिका दाखवा म्हणा. ‘केंद्र सरकार मान्यताप्राप्त’ असं मोघम लिहिलेलं प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदवी यांत फार अंतर आहे. एखादी संस्था न्यास किंवा कंपनी म्हणून सरकारकडे नोंदलेली असते आणि तोच नोंदणी क्रमांक मान्यता म्हणून दाखवला जातो. ती अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. ज्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव सांगतील त्याच्या संकेतस्थळावर संलग्न संस्थांच्या यादीत नाव शोधा. परराज्यातल्या विद्यापीठाचा ‘अभ्यास केंद्र सोलापूर’ असा फलक असेल तर दुप्पट सावध व्हा. रुग्णाला हात लावायचं काम दूरस्थ पद्धतीनं शिकता येत नाही.

दुसरं, प्रॅक्टिकल कुठे? रुग्णालयाचं नाव आणि करारपत्र मागा. मग त्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात जाऊन तिथल्या तंत्रज्ञाला विचारा, ‘अमुक संस्थेची मुलं तुमच्याकडे येतात का? त्यांना मशीनवर घेता का, की फक्त रजिस्टर लिहायला लावता?’ सोलापुरातली मंडळी विचारलं तर खरं सांगतात. सात रस्ता, रेल्वे लाइन्सच्या भागात रुग्णालयं आणि तपासणी केंद्रं जवळजवळ आहेत. दोन तासांत चार ठिकाणी विचारून होतं. एका मशीनवर किती मुलं, रोज किती रुग्ण, सीटी-एमआरआयला किती आठवडे, रात्रपाळी मिळते का, हेही तिथेच कळतं.

तिसरं, मशीनचा परवाना. देशात एक्स-रे आणि सीटी यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, परवान्याशिवाय चालवता येत नाहीत. ही नोंद ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीत होते. शिकवण्याची जागा परवानाधारक आहे का, विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा बिल्ला, देतात का, हे विचारायला लाजू नका. चांगली संस्था लगेच दाखवते.

चौथं, आधीच्या दोन-तीन मुलांचे नंबर मागा. संस्थेने निवडून दिलेल्यांपेक्षा रुग्णालयात भेटलेल्या मुलांचं बोलणं जास्त कामाचं.

मूळ कागदपत्रं संस्थेकडे ठेवून घेऊ देऊ नका. फीची पावती संस्थेच्या नावाची घ्या. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेयर, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला हे बारावीच्या सुट्टीतच करून ठेवा. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली आहे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून मगच पैशांची जुळवाजुळव करा.

‘मुलीला रेडिएशनमध्ये घालायचं का?’

हा प्रश्न घराघरात येतो आणि तो मनातच ठेवला जातो. उघडपणे बोलू.

छातीच्या एका एक्स-रेत रुग्णाला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सार मोजायचं एकक) एवढा किरणोत्सार मिळतो. निसर्गातून, मातीतून, आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. आणि तंत्रज्ञ रुग्णाच्या जागी नसतो, तो शिसाच्या भिंतीआड असतो. किरणं बटण दाबलेल्या क्षणापुरतीच असतात. मशीन बंद झाल्यावर खोलीत, कपड्यांत, अंगात काही उरत नाही.

भारतात या कामातल्या माणसासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. नियमानं काम करणाऱ्या साध्या एक्स-रे विभागात टीएलडीचे आकडे यापेक्षा खूप खाली राहतात. हा बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावायचा आणि तो ठरावीक काळाने मोजणीसाठी जातो. तो कपाटात ठेवून काम करणं म्हणजे स्वतःचा पुरावा स्वतः नाहीसा करणं. १८ वर्षांखालच्या कोणालाही किरणोत्साराच्या नोकरीवर ठेवता येत नाही. बाईला दिवस गेले की तिने लगेच लेखी कळवावं. त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पोहोचू नये अशी कामाची व्यवस्था करणं मालकाची जबाबदारी आहे. कॅथलॅबमधून काढून एमआरआय किंवा कन्सोलवर, म्हणजे बाहेरच्या नियंत्रण-संगणकावर, काम देता येतं. यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

काळजी करण्यासारखी जागा आहे ती निष्काळजी ठिकाणी. एप्रन घडी घालून कोपऱ्यात फेकलेला असेल तर आतला शिसाचा थर भेगाळतो. तो टांगूनच ठेवायचा असतो. हलणाऱ्या मुलाला धरायला रोज तंत्रज्ञालाच उभं करतात, हेही चुकीचं. एप्रन घालून नातेवाइकाने धरावं. आयसीयूत पोर्टेबल एक्स-रे काढताना निदान दोन मीटर मागे सरकायचं. अंतर दुप्पट केलं की किरणोत्सार चौथाई होतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी या गोष्टी पाहा आणि त्या नसतील तर मागा.

चौथी पायरी: शिकताना हात तयार करा

परीक्षेत पास होणं आणि चांगलं चित्र काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. छातीचा एक्स-रेच घ्या. रुग्णाची छाती कॅसेटला (जिच्यावर चित्र उमटतं त्या पाटीला), पाठ ट्यूबकडे, म्हणजे किरणं जिथून येतात तिकडे, ट्यूब सुमारे १८० सेंटिमीटर दूर, खांदे पुढे वळवलेले म्हणजे खवाटे फुप्फुसावर येत नाहीत, आणि पूर्ण श्वास भरून रोखलेला. चित्र आल्यावर दोन्ही हासळीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का पाहायचं. नसतील तर रुग्ण वळलेला होता. मागच्या दहा फासळ्या मोजता आल्या तर श्वास पुरेसा होता. आयुष्यभर विड्या वळताना वाकून बसल्याने पाठीला बाक आलेल्या आजींना असं ताठ उभं राहता येत नाही. मग बसवून, समोरून घ्यावा लागतो आणि तसं चित्रावर लिहावं लागतं, कारण समोरून काढलेल्या चित्रात हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. ती एक ओळ लिहिली नाही तर आजींना विनाकारण टूडी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, पाठवलं जातं.

सोलापुरात मराठीवर भागत नाही. सिव्हिलच्या रांगेत इंडी, विजयपूरकडचे कानडी बोलणारे असतात, पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका असतात, उर्दू बोलणारे असतात. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ एवढं तरी या सगळ्या भाषांत पाठ करा. श्वास चुकला की फिल्म पुन्हा, आणि रुग्णाला किरणं पुन्हा.

एमआरआयच्या खोलीत किरणोत्सार नाही, पण चुंबक चोवीस तास चालू असतो, मशीन स्कॅन करत नसलं तरी. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असतं. २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून दारावरची चौकशी ही तंत्रज्ञाची सर्वांत मोठी जबाबदारी. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का (यंत्रमाग आणि वेल्डिंगवाल्यांना हे हमखास विचारा), साडीच्या पिना, जोडवी, कमरेचा करगोटा आणि त्यातली चावी. मंगळसूत्र काढायला सांगताना जपून बोला. काळ्या पोतीला हात लावलेला बायकांना रुचत नाही. सासूबाईंच्या हाती द्या म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं.

इंटर्नशिपमध्ये एक वही ठेवा. रोज कोणत्या तपासण्या पाहिल्या, कोणत्या स्वतः केल्या, काय सेटिंग लावलं, चित्र परत का काढावं लागलं. रुग्णाचं नाव लिहू नका. मुलाखतीत ‘काय येतं?’ विचारलं की ही वही पुढे ठेवता येते.

पाचवी पायरी: नोंदणी आणि पहिली नोकरी

निकाल लागला की राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज लगेच करा. पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती एकाच फाइलमध्ये.

खासगी सेंटरमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आधीच मान्य करून चला. पहिल्या दोन वर्षांत पगारापेक्षा मशीन पाहा. जिथे अपघाताचे रुग्ण येतात, रात्री सीटी चालतो आणि पॅक्सवर, म्हणजे चित्रं साठवण्या-पाठवण्याच्या संगणक प्रणालीवर, चित्रं पाठवून बाहेरगावचा रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट देतो, तिथे माणूस लवकर तयार होतो. दोन हजार जास्त देणारं, पण दिवसभर हातापायाचे एक्स-रेच काढणारं ठिकाण पुढे अडवतं.

सरकारी जागांसाठी तीन दिशांना लक्ष ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांच्या भरत्या, राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं, आणि रेल्वे. रेल्वे भरती मंडळाच्या पॅरामेडिकल जाहिरातीत रेडिओग्राफर एक्स-रे टेक्निशियन हे पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ५ चं आहे, मूळ पगार २९,२०० रुपये. पात्रता म्हणून बारावीला भौतिक आणि रसायनशास्त्र आणि दोन वर्षांचा रेडिओग्राफी डिप्लोमा मागतात. एक वर्षाचं प्रमाणपत्र घेतलेली मुलं इथेच बाहेर पडतात. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय ठिकाण असल्याने इथल्या मुलांचा या परीक्षेकडे ओढा असायला हवा.

पुढची वाट

तीन-चार वर्षं हाताखालून गेली की सीटी-एमआरआयमध्ये स्थिर व्हा किंवा एमएस्सी करा. त्यातून अध्यापनाची वाट उघडते. मशीन बनवणाऱ्या कंपन्या ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणून अनुभवी तंत्रज्ञ घेतात. नव्या रुग्णालयात जाऊन तिथल्या लोकांना मशीन शिकवायचं काम, फिरती भरपूर, इंग्रजी बोलता यायला हवं.

आखाती देशांत जायचं असेल तर साधारण दोन वर्षांचा पदवीनंतरचा अनुभव, तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची संगणकावरची परीक्षा आणि कागदपत्रांची मूळ स्रोताकडून पडताळणी, असे टप्पे असतात. ब्रिटनला एचसीपीसीची, म्हणजे तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक परिषदेची, नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा लागते. पडताळणी करणारी संस्था थेट तुमच्या कॉलेजला आणि आधीच्या रुग्णालयाला विचारते. म्हणून प्रत्येक नोकरी सोडताना रुग्णालयाच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, चालवलेली यंत्रं आणि सही करणाऱ्याचा अधिकृत ई-मेल असलेलं पत्र घेऊनच बाहेर पडा. पाच वर्षांनी ते सेंटर बंद झालेलं असू शकतं, आणि तेव्हा असं पत्र द्यायला तिथे कोणी नसतं.